डेटाबेसमधले जास्तीच्या दशांश स्थळांचे आकडे कसे शोधावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे मुख्यतः बिले, जीएसटी आणि हिशेब ठेवणाऱ्या डेटाबेससाठी आहेत. भर पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या डेटाबेस प्रोग्रॅमवर आहे. एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल आणि एसक्यूलाइट जिथे वेगळे वागतात तिथे तसे सांगितले आहे. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञा, वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर टाइप करताना सिलेक्ट, व्हेअर, राउंड असे सगळे शब्द आणि सगळे अंक रोमन लिपीतच टाकायचे. उदाहरणांत टेबलाचे नाव बिल_ओळी आणि कॉलमचे नाव रक्कम आहे.

पडद्यावर तर दोनच दशांश दिसतात. आत चार असले म्हणून काय बिघडते?

तीन गोष्टी बिघडतात.

पहिली म्हणजे बेरीज. तीन ओळींमध्ये प्रत्येकी १०.००४ साठवले असेल, तर छापील बिलावर तीन वेळा १०.०० दिसते आणि खाली एकूण ३०.०१ येते. ग्राहक बोटांवर बेरीज करतो आणि विचारतो, हा एक पैसा कुठून आला? त्याचे म्हणणे बरोबर असते.

दुसरी म्हणजे तुलना. साठवलेला आकडा ८४.७४५८ असेल, तर "रक्कम = ८४.७५" या अटीला ती ओळ सापडत नाही. बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणी करताना अशाच ओळी मागे उरतात.

तिसरी जास्त त्रास देते. ग्राहकाने पूर्ण पैसे भरले, पण बाकी ०.००४ राहिली. पडद्यावर बाकी ०.०० दिसते, तरी "बाकी > ०" या अटीमुळे बिल थकबाकीच्या यादीत येतच राहते, आणि पैसे भरलेल्या माणसाला आठवणीचे संदेश जात राहतात.

सगळ्यात सोपी क्वेरी कोणती?

सिलेक्ट आयडी, रक्कम फ्रॉम बिल_ओळी
व्हेअर रक्कम <> राउंड(रक्कम, २);

आकडा दोन स्थळांपर्यंत राउंड केल्यावर बदलत असेल, तर त्यात जास्तीचे काहीतरी आहे. कॉलम डेसिमल किंवा न्यूमेरिक असेल तर ही क्वेरी एसक्यूलाइट सोडून सगळ्या मोठ्या डेटाबेसमध्ये अचूक चालते. रिकाम्या, म्हणजे नल ओळी तिच्यात येत नाहीत, आणि इथे तेच हवे असते. ऋण रकमाही बरोबर पकडल्या जातात.

८४.७५०० असा आकडा मात्र या यादीत येणार नाही, कारण त्याची किंमत ८४.७५ इतकीच आहे. हिशेबाला त्या शून्यांनी काही होत नाही. पण पोस्टग्रेसमध्ये मर्यादा न घातलेला न्यूमेरिक कॉलम ती शून्ये जपून ठेवतो आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेल्या) फाइलीत तशीच उतरवतो. तीही शोधायची असतील तर (स्केल म्हणजे टिंबानंतरच्या स्थळांची संख्या) अट "स्केल(रक्कम) > २" अशी ठेवावी.

क्वेरी चालवण्याआधी कॉलमचा प्रकार पाहावा का?

हो, नेहमी. प्रकार कोणता यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

डेसिमल आणि न्यूमेरिक हे प्रकार दशांश पद्धतीनेच आकडा ठेवतात, त्यामुळे ८४.७५ म्हणजे बरोबर ८४.७५. डेसिमल(१२,२), म्हणजे एकूण १२ अंक आणि त्यांतले टिंबानंतर २, असे लिहिले असेल तर आत दोनच स्थळे राहू शकतात आणि शोधण्यासारखे काही उरत नाही. पोस्टग्रेसमध्ये नुसते "न्यूमेरिक" किंवा ओरॅकलमध्ये नुसते "नंबर" लिहिले असेल, तर आत खूप लांब शेपूट, म्हणजे जास्तीचे दशांश अंक, राहू शकते. मायएसक्यूएलमध्ये नुसते "डेसिमल" म्हणजे डेसिमल(१०,०), आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेसिमल(१८,०). तिथे उलट त्रास होतो, पैसे कायमचे उडून जातात. एसक्यूएल सर्व्हरचा मनी हा प्रकार चार स्थळे ठेवतो. दोन ठेवतो असे समजून अनेक टेबले बांधलेली असतात.

एसक्यूलाइटबद्दल विशेष जपावे. तिथे कॉलमवर डेसिमल(१०,२) लिहिता येते, पण कंसातल्या आकड्यांचा काहीच परिणाम होत नाही. ८४.७४५७६२७ टाकले तर तेवढेच साठते, तेही फ्लोट म्हणून. मोबाइल ॲपमधून येणाऱ्या माहितीत लांब शेपट्या दिसल्या तर पहिला संशय इथे घ्यावा.

कॉलम फ्लोट किंवा डबल आहे. वरच्या क्वेरीने हजारो ओळी दाखवल्या. सगळ्या चुकीच्या आहेत का?

बहुधा नाहीत. फ्लोट आणि डबल आकडा द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ठेवतात. ०.१ हा अपूर्णांक त्या पद्धतीत कधीच पूर्ण लिहिता येत नाही, जसा एक तृतीयांश दशांशात लिहिता येत नाही. म्हणून डबलमध्ये ०.१ अधिक ०.२ केले की ०.३०००००००००००००००४ मिळते. डबलला साधारण १५ ते १७ सार्थ अंकांचा (सुरुवातीची शून्ये सोडून मोजलेल्या अंकांचा) भरवसा असतो, साध्या फ्लोटला जेमतेम ७.

म्हणून यादीतल्या ओळींचे दोन ढीग करावे लागतात. एकात द्विमान साठवणुकीचा कचरा, दुसऱ्यात खरोखरच जास्तीचा अंश. त्यासाठी फरकाला किमान मर्यादा घालायची:

सिलेक्ट आयडी, रक्कम फ्रॉम बिल_ओळी
व्हेअर ॲब्स(रक्कम - राउंड(रक्कम, २)) > ०.००००१;

डबल कॉलममध्ये काही कोटींपर्यंतच्या रकमांचा कचरा या मर्यादेच्या बराच खाली असतो. त्यामुळे या क्वेरीत आलेली ओळ खरी समजावी. हजारो आकड्यांची बेरीज करून साठवलेला कॉलम असेल तर कचराही साचत जातो, तिथे मर्यादा ०.०००१ करावी.

पोस्टग्रेसमध्ये ही क्वेरी जशीच्या तशी चालणार नाही. डबल आकड्यासाठी दोन पॅरामीटरचे राउंड तिथे नाहीच. आधी न्यूमेरिकमध्ये बदलावे लागते: राउंड(रक्कम::न्यूमेरिक, २). आणि इथेच एक फसवा खड्डा आहे. डबलमधून न्यूमेरिकमध्ये थेट बदलताना पोस्टग्रेस आकडा १५ सार्थ अंकांवर आणतो, म्हणजे ०.३०००००००००००००००४ चे गुपचूप ०.३ होते. खरा जास्तीचा अंश शोधायचा असेल तर हे सोयीचेच आहे. पण कचरासुद्धा मोजायचा असेल, तर आधी टेक्स्ट आणि मग न्यूमेरिक असा दोन पायऱ्यांचा बदल करावा: रक्कम::टेक्स्ट::न्यूमेरिक. आवृत्ती १२ पासून त्यात पूर्ण अंक टिकतात.

साध्या एकेरी फ्लोटमध्ये रुपये ठेवले असतील तर शोधाशोध थांबवून आधी प्रकार बदलायच्या मागे लागावे. १,३१,०७२ रुपयांच्या पुढे त्या प्रकारात शेजारच्या दोन आकड्यांमधले अंतरच ०.०१५६२५ असते, म्हणजे दीड पैशाहून जास्त. तिथे पैसे नीट मावतच नाहीत. शिवाय मायएसक्यूएल अशा कॉलमची तुलना डबलमध्ये बदलून करतो, त्यामुळे पहिली सोपी क्वेरी जवळजवळ प्रत्येक अपूर्णांकी ओळ दाखवते आणि यादी निरुपयोगी ठरते.

कोणत्या ओळीत किती स्थळे आहेत हे मोजता येईल का?

येईल, आणि जरूर मोजावे. दुरुस्तीची दिशा या मोजणीतूनच कळते. पोस्टग्रेस १३ किंवा पुढची आवृत्ती असेल तर:

सिलेक्ट मिन_स्केल(रक्कम), काउंट(*) फ्रॉम बिल_ओळी
ग्रुप बाय १ ऑर्डर बाय १;

मिन_स्केल शेवटची शून्ये सोडून स्थळे मोजते. नुसते स्केल शून्येही धरते. ८४.७५०० साठी पहिले २ सांगेल, दुसरे ४.

मायएसक्यूएलमध्ये असे फंक्शन नाही, म्हणून बरेच जण आकडा अक्षरांत बदलून टिंबानंतरची लांबी मोजतात. त्यात दोन चुका हमखास होतात. डेसिमल(१२,४) कॉलम नेहमी चार स्थळे लिहितो, त्यामुळे प्रत्येक ओळीचे उत्तर चारच येते. आणि टिंबच नसलेल्या आकड्यात सबस्ट्रिंग_इंडेक्स पूर्ण आकडाच परत देते, मग ५०० ची "तीन दशांश स्थळे" मोजली जातात. त्यापेक्षा गणिती मार्ग बरा, डेसिमल कॉलमसाठी तो कुठल्याही डेटाबेसमध्ये चालतो:

केस व्हेन रक्कम = राउंड(रक्कम, ०) देन ०
व्हेन रक्कम = राउंड(रक्कम, १) देन १
व्हेन रक्कम = राउंड(रक्कम, २) देन २
व्हेन रक्कम = राउंड(रक्कम, ३) देन ३
व्हेन रक्कम = राउंड(रक्कम, ४) देन ४
एल्स ९९ एंड

निकाल कसा वाचायचा? सगळ्या वाईट ओळी बरोबर चार किंवा सहा स्थळांवर थांबत असतील, तर मायएसक्यूएलमधल्या भागाकाराकडे बोट जाते. तिथे भागाकाराच्या उत्तरात पहिल्या आकड्याच्या स्थळांपेक्षा मूळ सेटिंगनुसार चार स्थळे जास्त येतात: १०० भागिले १.१८ बरोबर ८४.७४५८, आणि १००.०० भागिले १.१८ बरोबर ८४.७४५७६३. पोस्टग्रेस त्याच भागाकाराचे उत्तर ८४.७४५७६२७११८६४४०६८ असे देतो. पंधरा-सोळा स्थळे आणि शेवटी ०००००४ किंवा ९९९९९ सारखे अंक दिसले, तर आकडा वाटेत कुठेतरी डबलमधून गेला आहे. तीन स्थळे असतील तर बहुधा वजन गुणिले दर असा हिशेब असतो.

रक्कम टेक्स्ट कॉलममध्ये आहे. तिथे राउंड कसे चालवायचे?

आधी चालवूच नये. अक्षरांवर साधी अट पुरते:

व्हेअर रक्कम लाइक '%.___%'

टिंब आणि त्यापुढे तीन अधोरेखा, म्हणजे टिंबानंतर किमान तीन अक्षरे. १२.५०० सुद्धा यात येईल, ते डोळ्यांनी वगळावे. यादी पाहिल्यावरच आकड्यात बदलायचा विचार करावा, कारण टेक्स्ट कॉलममध्ये १,२५,०००.०० असे स्वल्पविराम, पुढेमागे रिकाम्या जागा आणि "/-" अशा खुणा सापडतात. मराठी कळफलकावरून भरलेल्या माहितीत देवनागरी अंकही असतात, आणि डेटाबेस त्यांना आकडा मानत नाही. पोस्टग्रेस तिथे चूक दाखवून थांबतो. मायएसक्यूएल सिलेक्टमध्ये इशारा देऊन त्याचे शून्य करतो, आणि हे जास्त धोक्याचे आहे. देवनागरी अंक आधी ट्रान्सलेट किंवा रिप्लेस वापरून बदलून घ्यावेत.

दोनशे टेबले आहेत. एकेक कॉलम कसा तपासणार?

कॉलमांची यादी डेटाबेसकडेच असते. इन्फर्मेशन_स्कीमा.कॉलम्स या दृश्यातून प्रत्येक कॉलमचा डेटा_टाइप आणि न्यूमेरिक_स्केल मिळतो. त्यातून तीन प्रकारचे कॉलम निवडावेत: फ्लोट, रिअल आणि डबल, स्केल नल असलेले न्यूमेरिक, आणि ज्यांचा स्केल दोनपेक्षा जास्त आहे असे डेसिमल. ओरॅकलमध्ये हेच ऑल_टॅब_कॉलम्समध्ये डेटा_स्केल या नावाने दिसते. मग त्या यादीतून अक्षरे जोडून प्रत्येक कॉलमसाठी एक मोजणी क्वेरी तयार करायची. दोनशे टेबलांतून प्रत्यक्ष पैशाचे कॉलम सहसा वीस-तीसच निघतात, आणि नावावरून ते लगेच ओळखू येतात.

टेक्स्टमध्ये ठेवलेल्या रकमा या यादीत येत नाहीत. नावात रक्कम, दर, कर, बाकी असे शब्द असलेले टेक्स्ट कॉलम वेगळे काढावेत.

एका प्रोग्रॅममध्ये शेपूट दिसते, दुसऱ्यात दिसत नाही. खरे कोणते?

शेपूट दाखवणारा, बहुतेक वेळा. पोस्टग्रेस १२ च्या आधी डबल आकडा मूळ सेटिंगमध्ये १५ अंकांवर छाटून दाखवत असे. अद्ययावत केल्यावर "अचानक कचरा आला" असे वाटते, पण तो आधीपासून आत होता. एसक्यूएल सर्व्हरमध्ये फ्लोटचे कन्व्हर्टने अक्षरांत रूपांतर करताना स्टाइल दिली नाही तर फार तर सहा अंक मिळतात. पूर्ण १७ अंक हवे असतील तर २०१६ पासून स्टाइल ३ आहे. एक्सेल १५ सार्थ अंकांपलीकडे दाखवत नाही, आणि सीएसव्ही म्हणून जतन करताना सेलमध्ये जे दिसते तेच लिहितो. त्यामुळे एक्सेलमध्ये उघडून पाहिलेल्या फाइलीवर तपासणी करू नये. क्वेरी थेट डेटाबेसवर चालवावी.

हे आकडे येतात तरी कुठून?

सर्वात मोठा स्रोत म्हणजे कर धरून सांगितलेली किंमत. वस्तू १०० रुपयांना, १८ टक्के जीएसटी आत. मूळ किंमत ८४.७४५७६२…, सीजीएसटी (केंद्राचा कर) ७.६२७११८… आणि एसजीएसटीही (राज्याचा कर) तेवढाच. राउंड न करता साठवले तर शेपूट राहते. पण तिन्ही आकडे वेगवेगळे राउंड केले तर ८४.७५ अधिक ७.६३ अधिक ७.६३ म्हणजे १००.०१ होतात! म्हणून आधी दोन्ही कर राउंड करावेत, त्यांची बेरीज १५.२६, आणि मूळ किंमत वजाबाकीने ८४.७४ काढावी. हा क्रम प्रोग्रॅममध्ये एकाच ठिकाणी लिहिलेला असावा. पाच ठिकाणी असेल तर पाच उत्तरे येतात.

बाकीचे स्रोत: सवलत ओळींवर वाटणे, वजन किंवा लिटर गुणिले दर, व्याजाचा दिवसांवर हिशेब, चलन बदल, आणि जावास्क्रिप्टमधून आलेले आकडे. जावास्क्रिप्टमध्ये साधा आकडा म्हणजे डबलच असतो.

"जास्त" म्हणजे नेमके किती? सगळीकडे दोनच ठेवायचे का?

नाही. सरसकट दोनचा नियम लावला तर चांगली माहिती खराब होते. रुपयाच्या रकमेला दोन. पण दर हा वेगळा कॉलम असतो, त्याला चार किंवा जास्त स्थळे लागू शकतात. सोन्याचे वजन ग्रॅममध्ये तीन स्थळांपर्यंत, म्हणजे मिलिग्रॅमपर्यंत ठेवतात. जपानी येनला दशांश नाहीत. कुवेती दिनार, बहरीनी दिनार आणि ओमानी रियालला तीन आहेत. आखाती देशांत बिले करणाऱ्या दुकानाने दोनचा नियम लावला तर ग्राहकाचे फिल्स (दिनाराचा हजारावा भाग) उडतील. अनेक चलने असतील तर चलनाच्या टेबलात स्थळे असा कॉलम ठेवून जोडणी करावी आणि अट अशी लिहावी: रक्कम <> राउंड(रक्कम, चलन.स्थळे).

जमिनीच्या नोंदींचे उदाहरणही बघण्यासारखे आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे असते. हेक्टरमध्ये लिहिताना चौथे दशांश स्थळ म्हणजे एक चौरस मीटर, त्यापुढची स्थळे नकोत. गुंठ्यातून बदलताना (एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर) १५ गुंठ्यांचे ०.१५१७५७ हेक्टर येतात, ते ०.१५१८ करावेत. दोन स्थळांवर आणले तर ०.१५ होऊन सुमारे १८ चौरस मीटर जमीन कागदावरून गेली.

नकाशातल्या अक्षांशाला पाच स्थळे म्हणजे सुमारे १.१ मीटर. दुकानाचा पत्ता दाखवायला ती पुरतात.

सापडलेल्या ओळी दुरुस्त कशा करायच्या?

थेट अपडेट चालवू नये. आधी वाईट ओळींचे आयडी आणि जुने आकडे वेगळ्या टेबलात उतरवून ठेवावेत. मग प्रत्येक बिलासाठी जुनी बेरीज आणि राउंड केलेल्या आकड्यांची बेरीज शेजारी मांडावी. ज्या बिलांमध्ये फरक अर्धा पैसा किंवा जास्त आहे ती यादी हिशेबनिसांना दाखवावी. तिथे कोणत्या ओळीत पैसा घालायचा हा निर्णय माणसाने घ्यायचा आहे. १००० रुपयांची सवलत तीन समान ओळींवर वाटली की ३३३.३३ तीन वेळा, म्हणजे ९९९.९९. उरलेला पैसा एका ठरलेल्या ओळीवर टाकायचा, सहसा सर्वात मोठ्या रकमेच्या, आणि तो नियम लिहून ठेवायचा.

अपडेट ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र होतात किंवा एकही होत नाही) आणि फक्त सापडलेल्या ओळींवरच चालवावा. व्हेअर अट विसरली तर लाखो चांगल्या ओळींची "शेवटचा बदल" तारीख ट्रिगरमुळे, म्हणजे ओळ बदलली की आपोआप चालणाऱ्या आज्ञेमुळे, बदलते.

राउंड करण्याची रीतही तपासावी. पोस्टग्रेसमध्ये न्यूमेरिक २.५ चे ३ होतात, पण डबल २.५ चे २ होतात, कारण बहुतेक यंत्रांवर तिथे बरोबर मधला आकडा जवळच्या सम आकड्याकडे जातो. डबलमधले १.००५ तर आत १.००४९९९… असते, त्यामुळे ते १.०१ व्हायचे तिथे १.०० होऊ शकते. म्हणून आधी डेसिमल, मग राउंड.

विवरणपत्र भरून झालेल्या काळातल्या ओळींना हात लावू नये. तो फरक चालू काळात "राउंड ऑफ" खात्यात नोंदवावा. आणि एक घोटाळा टाळावा: सीजीएसटी कायद्याच्या कलम १७० नुसार कर जवळच्या रुपयापर्यंत राउंड होतो, पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया. त्या नियमाचा दाखला देऊन बिलाच्या प्रत्येक ओळीतले पैसे उडवणे बरोबर नाही.

पुन्हा असे आकडे येऊ नयेत म्हणून काय करावे?

कॉलम न्यूमेरिक(१२,२) करणे हा सरळ उपाय. पण मग तिसरे स्थळ आले की डेटाबेस गुपचूप राउंड करतो. पोस्टग्रेस आणि ओरॅकल काहीच बोलत नाहीत, मायएसक्यूएल फार तर एक टीप देतो. चूक करणारा प्रोग्रॅम तसाच राहतो. चूक उघड व्हावी असे वाटत असेल, तर कॉलमला जास्त स्थळे ठेवून अट घालावी:

चेक (रक्कम = राउंड(रक्कम, २))

दोन्ही एकत्र लावून उपयोग नाही. प्रकाराचे राउंड आधी होते, मग अट तपासली जाते, आणि ती कधीच मोडत नाही. मायएसक्यूएल ही अट ८.०.१६ पासूनच पाळतो. त्याआधीच्या आवृत्त्या ती वाचून सोडून देतात. पोस्टग्रेसमध्ये जुन्या ओळी अजून वाईट असतील तर "नॉट व्हॅलिड" जोडून अट लावता येते. नव्या ओळी लगेच अडतात, जुन्या साफ झाल्या की व्हॅलिडेट करायचे.

कॉलमचा प्रकार बदलताना पोस्टग्रेस पूर्ण टेबल नव्याने लिहितो आणि तोपर्यंत वाचनसुद्धा अडते. दुकान उघडे असताना ते करू नये.

टेबल फार मोठे आहे, क्वेरी संपतच नाही.

राउंड कॉलमवर लावल्यामुळे साधा इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली सूची) उपयोगी पडत नाही आणि पूर्ण टेबल वाचावे लागते. आयडीचे एकेक लाखाचे टप्पे करून चालवावे, किंवा वाचनासाठी ठेवलेल्या प्रतीवर चालवावे. तपासणी रोज करायची असेल तर पोस्टग्रेसमध्ये फक्त वाईट ओळींचा आंशिक इंडेक्स बनवता येतो: क्रिएट इंडेक्स ऑन बिल_ओळी (आयडी) व्हेअर रक्कम <> राउंड(रक्कम, २). वाईट ओळी थोड्या, त्यामुळे इंडेक्सही छोटा राहतो.

एकही ओळ सापडली नाही, तरी अहवालात पैशाचा फरक येतो.

मग कॉलममध्ये आकडे भरतानाच राउंड झाले आहेत आणि शेपूट आधीच गेले आहे. अशा वेळी साठवलेली रक्कम सोडून मूळ घटकांपासून पुन्हा हिशेब करावा: नग गुणिले दर, वजा सवलत, अधिक कर. तो साठवलेल्या रकमेशी ताडून पाहावा आणि ज्या ओळींत ०.०१ किंवा जास्त फरक आहे त्या काढाव्यात. बहुतेक वेळा एका ठिकाणी ओळीवर राउंड केलेले असते आणि दुसऱ्या ठिकाणी बिलाच्या एकूण रकमेवर.